कोणाच्या हाती सोपविले?

पावसाळ्याचे दिवस होते. शिरूर तालुक्यातील एका शाळेशेजारच्या गोदामातून दुपारच्या वेळी धूर येऊ लागला आणि मुख्याध्यापकांनी घंटा देऊन सारी शाळा मैदानात आणली. मुले रांगेने बाहेर आली, कोणास खरचटलेदेखील नाही. शिक्षकांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. आमच्या पुतणीचा सात वर्षांचा मुलगा त्या शाळेत दुसरीला होता. बातमी कानी पडताच ती धावत गेली. ती पोहोचली तेव्हा मैदान जवळजवळ रिकामे झाले होते आणि तिचा मुलगा तेथे नव्हता. ‘कोणीतरी घेऊन गेले, बाई,’ एवढेच उत्तर तिला मिळाले. कोण घेऊन गेले, कोठे नेले, किती वाजता नेले, हे सांगू शकेल असे कोणीही नव्हते.

मुलगा सापडला तो दोन तासांनी. शेजारच्या एका गृहस्थांनी स्वतःच्या मुलाबरोबर त्यालाही दुचाकीवर घेतले होते आणि पुढे कामाला जायचे म्हणून दोघांनाही आपल्या बहिणीच्या घरी ठेवले होते. त्यांचा हेतू चांगलाच होता. मूल सुखरूप होते, पोहे खाऊन झोपले होते. पण त्या दोन तासांत त्याची आई घोडनदीच्या घाटापर्यंत जाऊन आली होती. ‘तिकडे का गेलीस?’ असे आम्ही तिला नंतर विचारले. ‘पाय तिकडेच गेले, काका,’ असे ती म्हणाली.

तेव्हापासून एक गोष्ट आमच्या मनात घर करून आहे. संकटाच्या वेळी मुलांना शाळेबाहेर सुखरूप काढणे हे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे काम म्हणजे प्रत्येक मूल त्याच्या माणसाच्या हाती परत देणे, आणि ते कोणाच्या हाती दिले हे लिहून ठेवणे. पहिल्या कामाची तालीम आज अनेक शाळांत होते. दुसऱ्याची सहसा होत नाही. या दुसऱ्या अर्ध्याचा इतिहास आमच्या या दोन तालुक्यांच्या मातीत आहे. तो येथे थोडक्यात सांगावा आणि त्यातून आजच्या पालकांनी काय घ्यावे ते मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दक्षिणेस निघाले की भीमा ओलांडून आपण दौंड तालुक्यात उतरतो आणि थोड्याच वेळात केडगाव लागते. पुणे-दौंड लोहमार्गावरील हे स्थानक आहे. पुण्याहून पन्नास किलोमीटरहून थोडे अधिक अंतर. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन येथे आहे आणि आजही त्याचे कार्य चालू आहे. रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर, त्यांचे बायबलचे भाषांतर यांविषयी आमच्या वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. आम्ही येथे वेगळ्या दृष्टीने केडगावकडे पाहू इच्छितो. संकटाच्या दिवसांत शहराबाहेर हलविलेल्या मुली जेथे आल्या ती ही जागा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात त्यांनी आपले आई-वडील आणि थोरली बहीण गमावली. अन्नासाठी गावोगाव भटकणारे कुटुंब कसे एकेक माणसाने कमी होत जाते, हे त्यांनी स्वतः सोसले होते. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. विधवांसाठी आणि मुलींसाठी शाळा व निवास अशी ही संस्था होती. १८९३ साली सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याचा वाद उसळला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूस झाले आणि अनेक पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाची बाजू किती खरी होती हा प्रश्न येथे नाही. आम्हास दिसते ती दुसरीच गोष्ट. तो दुरावा कटू असला तरी मुली नेणारे कोण होते हे सदनास ठाऊक होते. ज्याची मुलगी, त्यानेच ती नेली. चेहरे ओळखीचे होते, दिवस नेहमीचे होते.

चारच वर्षांनी परिस्थिती पालटली. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांतात हाहाकार केला. आपल्या बालपणीच्या आठवणींनी अस्वस्थ होऊन रमाबाई तिकडे गेल्या आणि निराधार स्त्रिया व मुली घेऊन परतल्या. अशा सुमारे तीनशे जणींना त्यांनी त्या काळात आश्रय दिला. याच वेळी पुण्यात प्लेग शिरला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला, मार्चपासून वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने घरोघरच्या झडत्या सुरू केल्या. शहरात इतक्या जणींना एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. रमाबाईंनी केडगावला आधीच शेतजमीन घेऊन ठेवली होती. तेथे घाईघाईने निवारे उभे राहिले, आणि नव्याने आणलेल्या मुली तेथे नेण्यात आल्या. यातूनच ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. काही काळाने शारदा सदनही पुणे सोडून केडगावलाच आले. शहर संकटात असता मुलांना घेऊन सुरक्षित जागी जाणे, यालाच आज आपण स्थलांतर किंवा सुटका म्हणतो. या भागातील त्याचे एक जुने आणि ठळक उदाहरण म्हणून केडगावकडे बोट दाखविता येते.

ही सुटका यशस्वी झाली. परंतु त्याच वर्षी, त्याच सदनाच्या बाबतीत, दुसऱ्या अर्ध्याचे काय होते तेही दिसून आले. प्लेगच्या व्यवस्थेत आजारी माणसास रुग्णालयात आणि त्याच्या सहवासातील मंडळींना विलगीकरणाच्या छावणीत नेत असत. माणूस नेला की घरच्यांना त्याचा ठावठिकाणा लागणे कठीण होई. पुणेकरांच्या मनातील भीती केवळ रोगाची नव्हती. नेलेले माणूस पुन्हा दिसेल की नाही, ही भीती अधिक मोठी होती. रमाबाईंनी १८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रास लिहून रुग्णालयातील व छावणीतील स्त्रियांच्या असुरक्षिततेविषयी कडक शब्दांत तक्रार केली. आपल्या संस्थेतून तेथे नेलेली एक मुलगी आपणास परत मिळाली नाही, असा त्यांचा आरोप होता. त्या बाईने हे उघडपणे लिहिले यावरून तिच्या मनाची कालवाकालव कळते. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने तिची विधाने फेटाळून लावली.

त्याच उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. प्लेगच्या झडत्यांत झालेल्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे विधाने केली. मायदेशी परतल्यावर ती सिद्ध करता येईनात आणि त्यांना जाहीर क्षमायाचना करावी लागली. आज मागे वळून पाहताना या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवाव्याशा वाटतात. जेथे माणसाला नेल्याची विश्वासार्ह नोंद नाही, तेथे हरवलेल्याचा शोध घेता येत नाही, तक्रार सिद्ध करता येत नाही, आणि तक्रार खोटी असेल तर ती खोडूनही काढता येत नाही. नोंद ही दोन्ही बाजूंची ढाल असते.

त्याच साली पुण्याजवळ याहून वेगळे एक चित्र दिसले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी शहराबाहेर, हडपसरच्या बाजूस, दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे पोहोचविले. त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्यागाविषयी आजवर बरेच लिहिले गेले आहे. आम्ही त्यातील एकच साधी गोष्ट पालकांच्या आणि शिक्षकांच्या ध्यानी आणून देतो. ते मूल एकटे गेले नाही. त्याच्याबरोबर त्याला ओळखणारे माणूस गेले. छावणीत नेलेल्या त्या मुलीच्या नशिबी एवढेच नव्हते.

ही झाली सव्वाशे वर्षांपूर्वीची हकीकत. पुढील काळातही आमच्या भागावर संकटे आली आणि प्रत्येकाने या दुसऱ्या अर्ध्याचा एकेक धडा दिला.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि मागोमाग खडकवासल्याचेही. मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत आणि डेक्कन परिसरात शिरले, नदीवरील पूल पाण्याखाली गेले आणि एकाच शहराचे दोन काठ एकमेकांस पारखे झाले. एका काठावर घर आणि दुसऱ्या काठावर शाळा किंवा कचेरी असलेल्या कुटुंबांनी तो दिवस कसा काढला असेल याची कल्पनाच करावी. तेच पाणी मुळा-मुठेतून पुढे भीमेस मिळाले. शिरूरजवळून वाहणारी घोड नदीही भीमेलाच मिळते आणि भीमा दौंडच्या अंगावरून जाते. म्हणून पुराच्या दिवशी मूल पुलापलीकडे अडकणे ही आमच्या दोन्ही तालुक्यांतील पालकांसाठी पुस्तकातील गोष्ट नव्हे. पानशेतने शिकविले ते हे: आई-वडील दोघेही एकाच काठावर असतील तर मुलाच्या काठावर त्याचे आपले असे कोणीतरी आधीपासून नेमलेले हवे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई जागच्या जागी थिजली. आगगाड्या थांबल्या, दूरध्वनी बंद पडले, भ्रमणध्वनी लागेनात. वसईपासून कल्याणपर्यंत आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ती रात्र भोगली आहे. पुष्कळ मुलांनी ती रात्र शाळेतच काढली. शिक्षकांनी त्यांना जेवू घातले, निजविले, सकाळी एकेकास पालकांच्या स्वाधीन केले. याउलट, लवकर सोडलेली कितीतरी मुले शाळेच्या गाड्यांत अथवा रस्त्यावरच्या पाण्यात तासन्‌तास अडकून पडली. ज्या पालकाला त्या रात्री मूल शाळेतच आहे हे ठाऊक होते तो जागा राहिला, पण निदान बसून राहिला. ज्याला ठाऊक नव्हते तो कमरेएवढ्या पाण्यातून चालत सुटला. यातून दिसते की लगेच घरी सोडणे म्हणजेच सुरक्षितता, असे नव्हे. कधी कधी शाळेने मुलांना न सोडणे हेच शहाणपणाचे असते, आणि पालकांनी त्याबद्दल शाळेवर रागावू नये.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ जीव गेले. घोड नदीच्या वरच्या खोऱ्यातील हे गाव. आमच्या शिरूरशी त्याचे पाण्याचे नाते आहे. तेथे घरेच्या घरे माणसांसह गाडली गेली. आई-वडील, काका, शेजारी, सारे एकाच वस्तीत. शाळेच्या वहीत मुलाच्या नावापुढे एकाच घराचा पत्ता आणि त्याच घरातील दोन दूरध्वनी क्रमांक असतील, तर अशा दिवशी त्या वहीचा उपयोग काय? म्हणून पालक म्हणून दिलेल्या नावांपैकी एक नाव तरी दुसऱ्या गावचे असावे. मामा, आत्या, मोठी बहीण, कोणीही चालेल. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या नोंदवहीत आई-वडिलांच्या नावांखाली धर्ममाता-पित्यांची नावे लिहितात. मुलाला दुसऱ्या घराचाही आधार असावा, हा त्या चालीमागील विचार शाळेच्या वहीतही उतरावा.

कायद्यानेही या विषयाची दखल घेतली, पण मोठी किंमत दिल्यावर. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेस आग लागून ९४ बालके दगावली. अरुंद जिना आणि गवताचे छप्पर त्यांच्या मरणास कारण झाले. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय देऊन सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरविला. अग्निशमनाची साधने, इमारतीचे नियम, शिक्षकांचे प्रशिक्षण या गोष्टी शाळांवर बंधनकारक झाल्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली शाळा सुरक्षा धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्या मुलाच्या शाळेची आपत्तीविषयक योजना काय आहे, असे विचारणे हा आज पालकांचा हक्क आहे. तो हक्क बजाविणारे पालक मात्र आम्हास फार थोडे भेटले.

शिरूर आणि दौंड हे आता पूर्वीचे शांत तालुके राहिलेले नाहीत. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे आणि तीत रसायनांचे कारखाने आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील एका कारखान्यास रात्री मोठी आग लागली तेव्हा आसपासच्या रहिवाशांना घरे सोडून दूर जावे लागले. ती रात्रीची वेळ होती. हेच सकाळी अकरा वाजता घडते तर शाळा भरलेल्या असत्या, आणि प्रत्येक आई-बाप शाळेच्या दिशेने म्हणजे कदाचित धुराच्याच दिशेने धावले असते. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये वायू पसरला तेव्हा भेदरलेली माणसे अंधारात धावत सुटली, आणि त्या धावपळीत किती कुटुंबांची ताटातूट झाली! वायुगळतीच्या प्रसंगी कित्येकदा बाहेर पडण्यापेक्षा आत राहणे अधिक सुरक्षित असते. दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, फटींत ओली फडकी कोंबावीत, पंखे बंद करावेत आणि प्रशासनाच्या सूचनेची वाट पाहावी. बाहेर पडावेच लागले तर वाऱ्याच्या दिशेला आडवे जावे. शाळेने मुलांना वर्गातच ठेवले म्हणून दार ठोठावणारा पालक त्या वेळी नकळत साऱ्या वर्गालाच धोक्यात घालत असतो.

आता पालकांनी काय करावे, ते आम्ही साध्या शब्दांत सांगतो.

शाळेला दोन जागा ठरविलेल्या असाव्यात. एक शाळेच्या आवारातील मैदान, दुसरी आवाराबाहेर दूर, ती जागा धोक्यात आल्यास वापरण्यासाठी. चर्चचे सभागृह, गावचे समाजमंदिर, बाजार समितीचे आवार, असे काहीही चालेल. या दोन्ही जागा पालकांना जून महिन्यातच ठाऊक असाव्यात. बातमी कळताच थेट शाळेच्या फाटकावर गर्दी करू नये. अग्निशामक गाडी आणि रुग्णवाहिका त्याच अरुंद रस्त्याने यायची असते. एक पालक पुढे जाईल, दुसरा घरी थांबेल, असे आधीच ठरवावे. त्या घाईत प्रत्येकाने शाळेस दूरध्वनी केला तर कोणाचाच लागत नाही. शाळेकडून येणाऱ्या एका संदेशाची वाट पाहावी. बोलणे होत नसले तरी लेखी संदेश अनेकदा पोहोचतो.

मूल कोणाच्या हाती द्यायचे त्यांची नावे शाळेस लिहून द्यावीत. तीन तरी असावीत आणि त्यांतील एक परगावचे असावे. सोबत त्यांची छायाचित्रे व सह्या द्याव्यात. ही यादी एकदा देऊन विसरू नये. क्रमांक बदलतात, माणसे स्थलांतर करतात, घरात कधी कलह होऊन कोणाच्या हाती मूल देऊ नये असाही प्रसंग येतो. जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुटीनंतर ती पुन्हा तपासावी. यादीत नाव नाही म्हणून शाळेने सख्ख्या काकास परत पाठविले तर अपमान मानू नये. तसेच स्वतः आई असूनही सही मागितली म्हणून रुसू नये. ती सही तुमच्याविरुद्ध नसते. तुमच्यानंतर येणाऱ्या तुमच्याच माणसाला मूल सुखरूप पोहोचल्याचे कळावे म्हणून ती असते. मूल, नेणाऱ्याचे नाव, वेळ आणि सही, एवढ्या चार गोष्टी लिहायला अर्धा मिनिट लागतो. आमच्या पुतणीचे दोन तास त्या अर्ध्या मिनिटाअभावी गेले.

मूल सोपविण्याची जागा मुले बसलेल्या जागेपासून थोडी वेगळी असावी. एका ठिकाणी पालकाने नाव सांगावे, शिक्षकाने यादी पाहावी, मग मुलास आतून बोलवावे आणि मुलाने माणूस ओळखावा. सारे पालक मुलांच्या रांगांत शिरले की क्षणभरात रांग मोडते, आणि ज्यांचे कोणी आलेले नसते ती मुले रडू लागतात. हजेरीची वही वर्गशिक्षकाने बाहेर पडतानाच बरोबर घ्यावी. वही वर्गात राहिली तर शाळा रिकामी झाली की नाही हेही कळत नाही.

सर्वांत महत्त्वाचे ते जखमी मुलाबाबत. त्यास रुग्णालयात नेताना त्याच्याबरोबर शाळेतील एक माणूस गेलेच पाहिजे, आणि कोणते मूल, कोणत्या रुग्णालयात, कोणाबरोबर गेले याची नोंद मैदानात राहिली पाहिजे. १८९७ साली पुण्यात जे झाले नाही ते हेच. पालकसभेत एकच प्रश्न विचारायचा असेल तर आम्ही हा प्रश्न विचारा असे सांगू.

मुलांनाही तयार करावे. स्वतःचे पूर्ण नाव, आई-वडिलांची पूर्ण नावे, गाव, तालुका आणि एक दूरध्वनी क्रमांक सहा-सात वर्षांच्या मुलास तोंडपाठ असावा. ‘पप्पा’ हे वडिलांचे नाव नव्हे, हे पुष्कळ मुलांना प्रथमच कळते ते हरवल्यावर. दौंडसारख्या जंक्शनवर चुकलेले मूल चुकीच्या गाडीत बसले तर ते तासाभरात दुसऱ्या जिल्ह्यात असते. अशा वेळी १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक उपयोगी पडतो. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता शासनाच्या बालविकास यंत्रणेमार्फत चालते. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. ‘हे माझेच’ म्हणणाऱ्या पहिल्या माणसाच्या हाती ते देता येत नाही. ही चौकशी तापदायक वाटली तरी ती मुलाच्याच हिताची आहे.

आणि एका वर्गाचा विसर पडू नये. उसाच्या हंगामात बीड व अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या या दोन तालुक्यांत येतात. त्यांच्या कोप्या आज एका फडाजवळ तर महिन्याने दुसऱ्या गावात. त्यांची जी मुले येथील शाळांत बसतात त्यांच्या नावापुढे पत्ता काय लिहिणार? आई-वडील पहाटेपासून फडात असतात. शाळेने मुकादमाचे नाव, मूळ गाव आणि तेथील एका नातलगाचा क्रमांक तरी लिहून घ्यावा. मध्य प्रांतातून केडगावी आलेल्या मुलींनाही पत्ता नव्हता. ज्याला पत्ता नाही त्याची नोंद अधिक काळजीने ठेवायची असते. एरवी मात्र त्याचेच नाव वहीत अर्धे राहते.

मूल परत मिळाल्यावर लगेच प्रश्नांची सरबत्ती करू नये. त्यास जवळ घ्यावे, पाणी द्यावे. पुढचे काही दिवस ते रात्री दचकून उठेल, शाळेत जायला नको म्हणेल. त्यास हसू नये. शाळेची घंटा पुन्हा नेहमीची वाटायला थोडा वेळ लागतो.

आमच्या पुतणीचा मुलगा आता मोठा झाला आहे. त्याच्या जुन्या शाळेत आजकाल दर सत्रात तालीम होते. गेल्या पावसाळ्यात आम्ही ती पाहावयास गेलो होतो. मुले चार मिनिटांत मैदानात आली. त्यानंतर एका टेबलापाशी एक शिक्षिका वही उघडून बसल्या आणि पालक एकामागून एक नाव सांगून सही करू लागले. याला मात्र चाळीस मिनिटे लागली. रांगेत मागे उभे असलेले एक आजोबा वैतागून म्हणाले, ‘माझाच नातू, आणि सही कशाला?’ पुढे उभ्या असलेल्या आमच्या पुतणीने मागे वळून पाहिले. तिच्या धाकट्या मुलीला न्यायला ती आली होती. ‘करा सही, बाबा,’ एवढेच ती म्हणाली आणि स्वतःचे पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहून तिने लेकीचा हात धरला.